अर्धा रकाना

दाराशी तो थबकला, कारण पुढे पाय ठेवायला जागाच नव्हती. वनस्पती उद्यानाच्या त्या छोट्या कचेरीतली सगळी फरशी कागदांनी झाकली होती. तावाला ताव चिकटवून केलेला फुलोऱ्याचा तक्ता, बावन्न आठवड्यांचे बावन्न रकाने, आणि मधोमध गुडघे टेकून बसलेली, नोंदी ठेवणारी ती.

त्याने बूट काढून हातात घेतले. "कुठून येऊ?"

"सदतिसाव्या आठवड्यावरून या," तिने मान वर न करता सांगितलं. "तिथे काही फुललेलं नाही."

प्रेम तिथेच जडलं असं छातीठोकपणे सांगवत नाही. पण तो खरोखरच आठवडे मोजत, चवड्यांवर तोल सांभाळत आला आणि तिला हसू आवरेना, एवढं मात्र खरं.

तो उद्यानाची वेबसाइट करायला आला होता. एवढा रुंद तक्ता तळहाताएवढ्या फोनवर मावला पाहिजे, असा साहेबांचा हुकूम. त्याने आधी अक्षरं बारीक केली, तर मुंग्यांची रांग लागल्यासारखं दिसू लागलं. मग म्हणाला, बावन्न आठवड्यांचे चार ऋतू करून टाकू. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याला तळ्याकाठच्या एका झाडाखाली घेऊन गेली. हे वर्षातून एकच आठवडा फुलतं, पांढरंशुभ्र, तिने सांगितलं. ऋतूत घातलं तर हरवून जाईल. झाडावर तेव्हा एकही फूल नव्हतं. तरी तो कितीतरी वेळ वर बघत राहिला.

शेवटी त्याने झाडांची नावं डावीकडे पक्की बसवली आणि आठवडे बोटाने सरकतील असे केले.

"पण कडेपलीकडे अजून काही आहे, हे लोकांना कळणार कसं?" तिने विचारलं.

"कडेचा रकाना अर्धा कापायचा. अर्धं अक्षर दिसलं की बोट आपोआप पुढे जातं."

"सगळं सरळ दाखवायला काय होतं?"

"मावत नाही ना..." तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

त्याचं बोलणंही तसंच, निम्मं कडेपलीकडे. तीही त्यातलीच. एवढी मोठी खोली, पण तुम्हा दोघांना एकच कोपरा बरा पुरतो, असा टोमणा माळीकाका येता-जाता मारायचे. मग दोघंही खुर्च्या लांब सरकवायचे, आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा जवळ आलेल्या असायच्या.

अशात तिला दूरच्या डोंगरातल्या एका उद्यानातून कायमच्या नोकरीचं पत्र आलं. शनिवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. तिने मुद्दाम सगळ्यांत आधी त्याला सांगितलं. थांबायची तिची तयारी होती... फक्त त्याने एकदा म्हणायला हवं होतं.

"छान आहे की," तो म्हणाला. बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिला. मग म्हणाला, "संध्याकाळी नमुन्याचं एक पान पाठवतो. तुमच्या झाडाचं. शेवटपर्यंत बघा. आणि... काय ते कळवा."

बसथांब्यावर उभ्या-उभ्या तिने आपल्या जुन्या, अरुंद फोनवर ते पान उघडलं. झाडाचं नाव. आठवडा अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मधल्या रकान्यात इवलंसं पांढरं फूल. आणि शेवटचा रकाना फोनच्या कडेला अगदी तंतोतंत टेकलेला. तिने पान खाली सरकवलं, पार तळापर्यंत. काही नव्हतं. रिमझिम सुरू झाली होती. फोनच्या काचेवरचं पाणी तिने दोनदा पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मग लिहिलं, "छान बसलंय."

त्याचं उत्तर आलं नाही. शनिवारी तिने होकार कळवला. निघाली त्या दिवशी तिची बॅग त्यानेच बसपर्यंत आणली, आणि जपून जा, एवढंच म्हणाला.

तिसऱ्या वर्षी तिचं तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न झालं. माणूस सालस. जुना फोन बंद पडला तेव्हा त्याने तिच्यासाठी नवा, चांगला रुंद फोन आणला. जुने निरोप त्यात आले. तिने सहज ते पान उघडलं, फुलासाठी. चाळिसावा आठवडा संपला, तरी कडेला बोटभर जागा उरली होती. तिथे एक अर्धं अक्षर. थ.

बोट आपोआप पुढे गेलं.

"थांबाल? माझ्यासाठी?"

तिने माळीकाकांना फोन लावला. झाड कसं आहे, असं विचारायला.

"फुलतं की, ताई. त्या आठवड्यात तो तळ्यावरच असतो. तुमच्या लग्नाची पत्रिका आली ना, त्याच महिन्यात कुणाची तरी तक्रार आली, जुन्या फोनवर तक्ता अर्धाच दिसतो म्हणून. तसला एक फोन घेऊन दिवसभर बसला होता बिचारा. जेवलाही नाही. तेव्हापासून प्रत्येक पानावर लिहून ठेवतो, उजवीकडे अजून आहे."

आतून नवऱ्याची हाक आली, चहा निवतोय.

"आले," ती म्हणाली. तिने तो रकाना बोटाने हळूच, होता तसा मागे सारला. कडेला तेवढं अर्धं अक्षर राहिलं.