आले गं आई, आले!

“ताई, तुमचा हौद सांडतोय!”

दारात हेल्मेट घातलेला एक मुलगा. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी करून आलेला, बूट ओलेचिंब. पुंडलिकनगरात नळ यायचे आठवड्यानं, आणि आमचं पाणी चाललेलं रस्त्यावर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हणाले, “ताई कुणाला म्हणता?”

“चुकलं…” तो हसला. आणि मी नळाचा कॉक बंद करायचंच विसरले.

समोरचा नवा भाडेकरू, शिवम. रविवारी तो जुना लॅपटॉप आणि मूठभर वायरी घेऊन आला. नळाला एक सेन्सर, हौदात एक. आईच्या मोबाईलवर हौदाचं चित्र उमटलं, पाणी चढेल तसं निळं होणारं. अक्षरं चक्क मराठीत! आईला वाचता यावं म्हणून. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

“ही माहिती जाते कुठं?” मी विचारलं.

“कुठंच नाय. सगळं ह्याच लॅपटॉपवर. तुमच्या घरातलं घरातच ऱ्हाईल.” मग म्हणाला, “नळ आल्यावर आईंना हाक कशी मारता?”

“आले गं आई, आले!”

नळ आला की आईच्या मोबाईलवर हीच हाक वाजावी म्हणून त्यानं ती रेकॉर्ड केली. ऐकलं. परत ऐकलं… “आवाज साफ आलाय का बघतो,” म्हणाला, पण कान लाल झाले होते.

मोबाईलवरचा तो हौदाचा डॅशबोर्ड इतका नेटका चालला, की बिघडायचं नावच घेईना. मेल्यानं इतकं चांगलं काम करावंच कशाला? त्याला यायला कारणच उरलं नाही. उस्मानपुऱ्यातल्या दुकानातल्या कामावरून परतताना मी रोज त्याची बाईक शोधायचे.

एका संध्याकाळी फाटक वाजलं. तो! माझ्या तोंडून निघूनच गेलं, “आले गं आई, आले!”

आई पाइप घेऊन धावली. नळ कोरडा. “पाणी न्हाई, मग आले कोण गं?”

मी जीभ चावली.

“काही बिघडलं का… बघायला आलो,” शिवम म्हणाला.

“काहीच नाही बिघडलं.”

“मग… जाऊ?”

“नका ना जाऊ.”

तो खाली बघत म्हणाला, “तुमचा आवाज माझ्या मोबाईलमधी घेतलाय. ड्युटीवरून आलो की लावतो. रिकाम्या खोलीत कुणी ‘आले’ म्हणलं की लई बरं वाटतं.”

“घरातलं घरातच राहील म्हणाला होतात!”

“तेवढीच एक चोरी. पण आज खरा ऐकला… रोज ऐकायचाय, सायली.”

“मग रोज या,” मी म्हणाले. आवडत होता मला तो, लपवायचं कशाला?

आईनं पाइप गुंडाळला. “बस रे बाबा, चहा टाकते. अन् त्या नळावानी आठ-आठ दिवसानं येत जाऊ नको.”