लपणातला दुसरा माणूस

पक्षी अभयारण्याच्या तिकीटखिडकीपाशी तो गळ्यात दुर्बीण अडकवून नुसता रेंगाळत होता, म्हणूनच तिने त्याला गाठलं. दादा आयत्या वेळी तापाने आडवा झाला होता आणि तिला कुणीतरी हवंच होतं. तळ्याकाठच्या लपणात, म्हणजे पाखरांचे फोटो काढायला बांधलेल्या झाकल्या खोपटात, दोघांनी शिरायचं, मग एकाने बाहेर पडून निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही. माणूस गेला असं समजून ती निर्धास्त होतात. एवढंच ना, म्हणत तो हसला. हसू चांगलं होतं, हे तिने नाइलाजाने मान्य केलं.

तो गेला. वसंतातलं कोवळं ऊन पाण्यावर उतरलं. पाठीवर पिल्लं घेतलेली टिबुकली लव्हाळ्यातून हळूच डोकावली... या एका फोटोपायी तिचे दोन वसंत वाया गेले होते, आणि उद्यापासून हा काठ विणीसाठी बंद. तिने श्वास रोखला — आणि मागचं दार करकरलं. टिबुकली बुडी मारून गडप!

"बाटली विसरलात," तो दारातून म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी ती मुद्दामच ठेवून आली होती. इथून दिवसभर उठता येत नाही, हे या शहाण्याला कोण सांगणार? त्यात टिबुकली नेमकी दारालगतच्या लव्हाळ्यात शिरलेली. आता हा बाहेर पडला की ती तळ्यापलीकडेच जाणार.

"बसा गुपचूप," तिने दातओठ खात बजावलं.

तो बसला. बऱ्याच वेळाने चुळबुळत कुजबुजला, "तुम्ही बाहेर याल म्हणून थांबलो होतो. थांबता थांबता... चहावर चहा झाला."

"मग?"

"मग आता जरा अवघड झालंय."

तिला हसू आलं, म्हणून ती आणखीच चिडली. हलायचं नाही, तिने डोळ्यांनीच दटावलं. तो बाकाची कड घट्ट धरून, लालबुंद होऊन बसून राहिला. पापणीही हलवली नाही त्याने! उन्हं कलली तेव्हा टिबुकली बाहेर आली, पाठीवरच्या पिसांतून दोन इवल्या माना वर काढून. तिने मन भरेपर्यंत फोटो काढले. टिबुकली दूर पोहत गेली.

"जा आता," ती म्हणाली.

तो दारापर्यंत धावला, आणि थांबला. "उद्या कुठे भेटाल?"

"उद्या इथे बंद आहे."

"म्हणून तर विचारतोय."

"आधी पळा हो!"

तो पळाला. कॅमेरा केव्हाच पिशवीत गेला होता, पाखरंही पांगली होती. तरी तो परत येईपर्यंत ती जागची हलली नाही, आणि याचाही तिला भयंकर राग आला.