स्टॅनले पुलाखालचा अबू शोक

"हे चित्र तूच विकलंस त्यांना," म्हणत जुमानाने नवी वही निअमतच्या मांडीवर आपटली.

तिघं समुद्राच्या कठड्यावर बसली होती. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी संपली होती. जुमानाची मैत्रीण निअमत सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. तिने शांतपणे टरफल थुंकलं आणि वही उचलली.

मुखपृष्ठावर अबू शोक होता, म्हणजे अरबीत 'काटेवाला'. लाल तुर्की टोपी आणि ढगळ गलाबिया झगा घातलेला साळू. जुमानाच्या बाबांनी तो वीस वर्षं मुलांच्या मासिकात काढला होता. रमजानच्या आधी बाबा गेले, आणि आता अलेक्झांड्रियातल्या प्रत्येक दुकानात अबू शोकच्या वह्यांची चळत लागली होती. बाबांचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

"मी काढला असता तर असा सुजवला असता का?" निअमत म्हणाली.

"खरंय," वगदीने मान डोलावली. तो जुमानाचा आतेभाऊ. "हा साळू नाही, काटे टोचलेलं वांगं आहे."

जुमानाला हसू आलं नाही. बाबा निअमतची चित्रं शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. जुमानाच्या चित्रांना नुसतं "छान" म्हणायचे. ते "छान" तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अजून अडकलेलं होतं.

निअमतने वही उलटली. मागे छापलं होतं, 'आजीच्या जुन्या लोककथांमधून'. खाली अत्तारीनमधल्या छापखान्याचा पत्ता.

"लोककथा म्हणजे कोणाच्याच मालकीची नाही," वगदी म्हणाला. "घ्या आणि छापा."

"थांब." निअमतने चित्राच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "हा बघ पूल. मनोरे ओळखीचे नाहीत वाटत?" तिने मान वळवली. समोर तेच मनोरे उन्हात उभे होते. "स्टॅनलेचा पूल दोन हजार एक साली झाला. माझ्या आईने बांधताना पाहिलाय. मग लोककथा जुनी कशी?"

हे आपल्याला का दिसलं नाही, या विचाराने जुमानाचे कान तापले. पण डोकं चालू लागलं होतं.

"हे आपण त्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "त्यांच्याच तोंडून काढायचं."

छापखान्याचे मालक रऊफकाका गोलमटोल आणि बोलके निघाले. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी जुन्या गोष्टी जमवतोय म्हटल्यावर त्यांनी लिंबू सरबत मागवलं. कोपऱ्यात त्यांचे वडील, हाजी मतवल्ली, जपमाळ ओढत बसले होते.

"अबू शोक? ती तर माझ्या आजीची गोष्ट," रऊफकाका खुर्चीत रेलले. "अबू शोक रोज ट्रामने जायचा. ट्राम खचाखच भरलेली, पण त्याच्या शेजारी बसायची कोणाची छाती नाही. अख्खा बाक त्याचा. तरी तो उठून म्हणायचा, बसा हो कोणीतरी, मी काटे मिटून घेतो."

शब्दन् शब्द बाबांचा होता. ते वाक्य या परक्या माणसाच्या तोंडी इतकं सहज बसलेलं पाहून जुमानाने हातातला पेला घट्ट आवळला. तो वाक्याचा मालक असल्यासारखा हसत होता.

"आजी कधी वारल्या, काका?" तिने गोड आवाजात विचारलं.

"मी दहा वर्षांचा होतो. अठ्ठ्याऐंशी साल."

"आणि अबू शोक राहायचा कुठे?"

"स्टॅनले पुलाखाली. आणखी कुठे?"

कोपऱ्यातली जपमाळ थांबली.

"रऊफ," हाजी म्हणाले, "तुझी आजी गेली तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं. आणि माझ्या आईला तीनच गोष्टी यायच्या. त्यातल्या दोन माझ्या बापाबद्दलच्या तक्रारी होत्या."

"मग मी ऐकली कुठे?"

वगदीने पिशवीतून मासिकाचा जुना अंक काढून टेबलावर ठेवला. गोष्टीखाली बाबांचं नाव होतं. "हे माझे बाबा. रमजानच्या आधी गेले," जुमाना म्हणाली. रऊफकाकांनी त्या नावावरून बोट फिरवलं.

"माझी मुलगी लहान होती," ते हळू आवाजात म्हणाले. "रोज हीच वाचायला लावायची. अंक फाटला, गोष्ट पाठ राहिली. मला वाटलं..."

ते खोटं बोलत नव्हते. जुमानाला ते कळलं आणि तिचा राग अडखळला. चोरावर रागावणं सोपं असतं.

"संध्याकाळी या पोरीच्या आईकडे जा," हाजींनी बजावलं. "वकील नको. परवानगी मागायची आहे, मिठाई घेऊन जा."

रऊफकाका बसबूसा घेऊन आले. आईने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "हक्क आमच्या दोघींकडे आहे, जुमानाचे बाबा गेल्यापासून पन्नास वर्षं. उरलेल्या वह्यांवर त्यांच्या नावाची चिठ्ठी लागल्याशिवाय एकही विकायची नाही. आणि पुढचं मुखपृष्ठ नीट काढून घ्या."

"पन्नास वर्षांनी मी बासष्टची असेन," जुमाना पुटपुटली. "मग तो कोणाचाही होणार?"

"तोवर तुला दात राहिले तर भांड," वगदी म्हणाला.

बरोबर आलेले हाजी हसले. "माझ्या छापखान्यातल्या शहाण्यांना जे दिसलं नाही, ते या तीन पोरांनी सुट्टीत हुडकलं. शाबास. पूल कोणी ओळखला?"

वगदीने जुमानाकडे पाहिलं. निअमत बसबूसाच्या ताटलीकडे बघू लागली.

"निअमतने," जुमाना म्हणाली.

"आणि नवं चित्र कोण काढणार?" आईने विचारलं. ती जुमानाकडेच पाहत होती.

जुमानाच्या वहीत अबू शोकची चाळीस चित्रं होती. रात्रंदिवस खपून काढलेली. सगळी छान होती.

"निअमत काढेल," ती म्हणाली. "पण आमच्याच घरी, बाबांच्या टेबलावर. मी समोर बसणार. एकेक काटा बघणार, आणि चुकला की सांगणार."

"किती वेळा सांगशील?" निअमतने विचारलं.

"पन्नास वर्षं," जुमाना म्हणाली, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.