रिनाची ताई

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काही रचलेलं नाही. हे माझ्या मावसबहिणीवर, लिडियावर ओढवलेलं आहे. तिला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या सगळ्या घराला माहीत आहे.

दोन हजार तेवीसचा सप्टेंबर. शनिवारची तिन्हीसांज. शहाद्याहून प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एका कॉलेजचं मुलींचं वसतिगृह.

लिडिया विसरवाडीजवळची. तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. रेक्टर निर्मलाबाईंनी प्रत्येक जुन्या मुलीच्या हाती एकेक नवी मुलगी सोपवली होती. तिला वर्ग दाखवायचे, मेसची वेळ सांगायची, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर सोबत जायचं. आणि मुख्य म्हणजे तिला एकटं पडू द्यायचं नाही.

लिडियाच्या वाट्याला आली रिना.

धडगावच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची पोर. घरी पावरी ही तिथली डोंगरातली बोली बोलायची. मराठी शाळेपुरती. लिडियाच्या घरी कोकणी, गोव्याची नव्हे, आमच्याकडच्या आदिवासींची. दोघींमध्ये काय ती पुस्तकातली मराठी, आणि तीही रिनाच्या तोंडातून फुटेना. हजेरीला नाव आलं तरी गप्प. ताटातली पोळी तशीच. रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून पडायची.

मग एकाएकी ती बदलली.

पोटभर जेवू लागली. एकटी लायब्ररीत जाऊ लागली. संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेली, की हसत खाली यायची.

लिडियाचा जीव भांड्यात पडला. तिने सहज विचारलं, वर कोणाशी बोलतेस गं?

"ताईशी," रिना म्हणाली, आणि लिडियानेच थट्टा केली असावी तशी हसली.

असेल एखादी तिच्याच बोलीतली जुनी मुलगी. पण लिडियाने खोल्याखोल्यांतून विचारलं, तर पावरी येणारी दुसरी कोणी निघालीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती हळूच जिन्यात जाऊन उभी राहिली.

वर रिना पावरीत काहीतरी विचारत होती.

आणि मग...

सगळं थांबलं.

मेसमधली भांडी. रस्त्यावरचे ट्रक. लिंबावरच्या साळुंक्या. काहीच ऐकू येईना. लिडियाने पायरीवर चप्पल आपटून पाहिली... तिचाही आवाज नाही.

एखादीला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागावा, तेवढाच वेळ.

मग रिना खळखळून हसली आणि सगळे आवाज परत आले.

लिडियाचे पाय वर जाईनात. ती तशीच खाली पळाली.

निर्मलाबाईंना तिने सगळं सांगितलं. त्यांनी समजूत घातली. घरची आठवण आली की नव्या पोरी स्वतःशीच बोलतात. सोमवारी तिला धडगावच्या गाडीत बसवून दे, दोन दिवस आईजवळ राहून येईल.

पण सोमवार उजाडलाच नाही म्हणा ना. त्याआधी तो शनिवार आला.

लिडिया मेसमध्ये भाजी निवडत बसली होती. दिवे लागायच्या वेळी खोलीत आली, तर रिना नाही. तिची पिशवीही नाही.

ती धावत फाटकाशी गेली. रिना दिसली का, म्हणून भिला वॉचमनला विचारलं.

भिला तिच्याकडे बघतच राहिला.

"तिले तं तूच लई गई ना आते," तो म्हणाला.

मी घेऊन गेले? कुठल्या दिशेला? लिडियाने विचारलं.

भिलाने हात केला तो प्रकाशाच्या दिशेला. धडगाव उत्तरेला. ही वाट उलटी, तापीवर जाणारी. आणि तापीला तेव्हा पूर होता.

लिडिया धावत सुटली. बऱ्याच अंतरावर, कपाशीच्या कडेने, रिना चालताना दिसली. एका खांद्यावर पिशवी. दुसरा हात थोडा पुढे... कोणीतरी धरल्यासारखा.

लिडियाने हाक मारली.

हाक तिची तिलाच ऐकू आली नाही.

शेजारून ट्रक गेला. त्याचाही आवाज नाही. तिने रिनाला गाठलं, तिचा पिशवीकडचा हात घट्ट धरला आणि मागे ओढला.

पलीकडूनही ओढ लागली.

लिडिया आजही मनगट चोळत हे सांगते. ताकदीची नव्हती ती ओढ. मायेची होती. तापलेल्या लेकराला आई जवळ घेते तशी. म्हणूनच ती जास्त घाबरली. तोंडातून आवाज निघत नव्हता, तरी ती आपल्या कोकणीत ओरडत राहिली, हिला माझ्या हवाली केलंय, सोड हिला.

अचानक पलीकडची ओढ सुटली. दोघी मागे पडल्या. आणि ट्रकचा हॉर्न कानात घुसला.

रिनाने तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"ताई," ती म्हणाली, "मी तर तुझाच हात धरला होता."

त्या शनिवारनंतर रिना गच्चीवर गेली नाही. लिडियाने तिची खाट आपल्या खाटेला लावून घेतली. हळूहळू मराठी तिच्या तोंडी बसली, मैत्रिणी झाल्या.

निर्मलाबाईंनी निरोप धाडला होता, म्हणून त्या प्रसंगानंतर आठवड्यानेच रिनाची आई कालीबाई स्वतः भेटायला आली. लिडियाचे दोन्ही हात धरून ती पावरीत कितीतरी वेळ बोलत राहिली. लिडियाला अक्षरही कळलं नाही. तिने रिनाकडे पाहिलं.

रिनाचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई म्हणते, तू काल घरी येऊन गेलीस म्हणून तिला धीर आला. अंगणात बसलीस. पाणीसुद्धा घेतलं नाहीस."

लिडियाने धडगाव आजवर पाहिलेलं नाही.

"अजून काय म्हणते?" तिने विचारलं.

"पुढच्या वेळी मला सोबत घेऊन येईन, असं तू तिला सांगितलंस."