कप्पेवाली

मेंदू-संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला अगदी खेटून, एक अरुंद खोली होती. तीत पूर्वी मोडक्या खुर्च्यांचे वास्तव्य असे; अलीकडे मात्र तेथे एक टेबल, एक संगणक आणि एक तरुणी यांची स्थापना झाली होती. त्या दिवशी सकाळपासून पावसाची बारीक, चिवट रिपरिप चालू होती. तरुणी खिडकीची धुरकट काच पुसत असतानाच दार धाडकन उघडले, आणि ठिबकती छत्री तलवारीसारखी उगारून एक उंच, विस्कटलेल्या केसांचा पुरुष आत शिरला.

“माझ्या माणसांना शेपूट नाही!” तो गरजला.

तिने फडके खाली ठेवले. त्याला नखशिखान्त न्याहाळले.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “बसा.”

“अहो, चेष्टा नाही ही! मी माणसांच्या झोपेवर काम करतो. स्वयंसेवक येतात, झोपतात, आम्ही त्यांच्या मेंदूच्या लहरी टिपतो. आणि तुमचा फॉर्म मला विचारतो, शेपटीची लांबी किती! रकाना रिकामा ठेवला तर पुढे सरकूच देत नाही.”

“मग काय लिहिलंत?”

“शून्य.”

“म्हणजे शेपूट आहे, फक्त लांबी नाही.” तिने खेदाने मान हलवली. “किती वाईट वाटलं असेल त्यांना…”

तो पुन्हा गरजण्यासाठी श्वास घेऊ लागला. पण त्या श्वासाचे मध्येच हसू झाले. हसताना त्याचा उजवा डोळा डाव्याहून किंचित अधिक मिटतो, हे तिने पाहिले — आणि आपण ते पाहिले याचा तिला उगाच राग आला.

“तो फॉर्म माझा नाही,” ती म्हणाली. “तो दुरुस्त करायला मला आणलंय. मी मात्र मोडणार आहे.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही इतकं मनापासून ओरडत होता… मध्येच तोडणं बरं दिसेना.”

त्या संस्थेत प्रत्येक प्रयोगशाळा मेंदूचे दार निराळ्या बाजूने ठोठावीत असे. कोणी माणसांची झोप मोजी, कोणी उंदरांची स्मृती तपाशी, कोणी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पातळ काप निरखी. या साऱ्यांतून आकड्यांचे पूर वाहत. परंतु आकडा स्वभावतः मुका असतो. तो कोणाच्या मेंदूचा, कोणत्या यंत्राने घेतलेला, तार नेमकी कोठे लावली होती, ही माहिती त्याच्यासोबत नसेल तर काही वर्षांनी तो अनाथ होतो. या सोबतच्या माहितीला तेथे मेटाडेटा म्हणत. ती भरून घेण्यासाठी संस्थेच्या संचालकांनी आपल्या तरुणपणी एक महाकाय फॉर्म रचला होता. त्यात तीनशेहून अधिक रकाने होते, आणि एकूण एक सक्तीचे.

तरुणीचा आराखडा वेगळा होता. सर्वांसाठी एक लहानसे खोड असावे: प्रयोग कोणावर केला, केव्हा, कोणत्या यंत्राने, कोणाच्या संमतीने, इतकेच. आणि त्या खोडाला ज्याचे त्याने आपापले कप्पे जोडावेत; झोपेचा वेगळा, उंदरांचा वेगळा, पेशींचा वेगळा. उद्या नव्या जातीचा प्रयोग निघाला तर नवा कप्पा करावा. जुन्यांना धक्का लावू नये. हे ती ज्याला त्याला इतक्या हिरिरीने समजावी की आठवड्याभरात तिचे नाव ‘कप्पेवाली’ पडले. छत्रीधारी संशोधकाला तर ‘झोपमास्तर’ हे नाव केव्हाच लाभले होते.

“तुमचा कप्पा मी इथे बसून करणार नाही,” ती त्याला म्हणाली. “तुम्ही काम कसं करता ते मला बघायचंय.”

एका दुपारी ती त्याच्या प्रयोगशाळेत गेली. खिडकी नसलेली खोली, राखाडी पांघरुणाची एक खाट, आणि तारांचा झुपका लोंबणारी एक विलक्षण टोपी.

“नुसतं बघून कळायचं नाही,” तो संकोचून म्हणाला. “टोपी घालावी लागेल तुम्हाला.”

“मला टोपी घालणारे आजवर पुष्कळ भेटले,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “विचारून घालणारे तुम्हीच पहिले.”

त्याने तिचे केस हलक्या बोटांनी बाजूला केले. प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेलचा गार थेंब पडे, आणि दर थेंबागणिक तिच्या मानेवर एक सूक्ष्म शिरशिरी उमटून जाई. पडद्यावर हिरव्या रेषा थरथरू लागल्या.

“हे सगळं… मी?”

“तुम्हीच. हा उंच डोंगर दिसला? तुमची पापणी लवली. आता डोळे मिटा.” रेषा एकाएकी संथ, तालबद्ध झाल्या. “उघडा.” ताल विरून गेला. “पाहिलंत? डोळे मिटले की मेंदू असा झुलायला लागतो.”

“आणि माणूस लाजला तर?”

“ते यात दिसत नाही.”

“मग यंत्र अपुरं आहे तुमचं.”

तो तारेशी उगाचच चाळा करू लागला. तिने घाईघाईने कामाचा आव आणला.

“स्वयंसेवक आदल्या दिवशी किती तास झोपला, हे विचारता?”

“नाही… विचारायला हवं खरं.”

“कप्प्यात घालते. कॉफी प्यायला का?”

“तेही घाला. तुम्ही काल किती झोपलात?”

“कमी.”

“कारण?”

“तो रकाना ऐच्छिक आहे,” ती म्हणाली, आणि टोपी काढू लागली.

यानंतरच्या दुपारी त्यांच्या वादांनी बहरल्या. एखादा रकाना खोडात असावा की कप्प्यात, यावर ती दोघे हमरीतुमरीवर येत. आणि भांडण मिटले की दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखे वाटे. झोपेचा कप्पा तयार झाला. मग पेशींचा, मग उंदरांचा. आणि त्याच सुमारास संचालकांनी तिला बोलावणे धाडले.

संचालक दुष्ट नव्हते. त्यांच्या भिंतीवर त्या महाकाय फॉर्मचा जुना नकाशा चौकटीत घालून लावलेला होता, आणि बोलताना त्यांची नजर पुनःपुन्हा तिकडे जात असे.

“उमेदीची वर्षं घातली मी यावर,” ते म्हणाले. “एक संस्था, एक फॉर्म. तुम्ही त्याचे तुकडे करायला निघालात.”

“साहेब, तुमच्या काळात इथे एकच प्रयोगशाळा होती. तेव्हा तो बरोबरच होता.”

“मला समजावू नका. तुमची नेमणूक तात्पुरती आहे, या महिन्यात संपते. माझा फॉर्म जरा साफसूफ करून द्या, कायम करतो. सोमवारी सगळ्या प्रमुखांसमोर एवढंच सांगायचं की कप्प्यांची गरज नाही.”

ती जिना उतरू लागली तेव्हा झोपमास्तर पायऱ्यांवरच उभा होता. तिने सारे सांगितले. आता हा पेटून उठेल, अशी तिची खात्री होती.

“हो म्हणून टाका,” तो म्हणाला.

“काय?”

“आत्तापुरतं. एकदा कायम झालात की हळूहळू बदलता येईल. थोडं वाकायला काय हरकत आहे?”

“थोडं म्हणजे किती? त्यालाही रकाना आहे का?” तिने फटकारले. “सगळ्या प्रमुखांसमोर मी खोटं बोलू? कशासाठी?”

“कारण तू गेलीस तर…”

तो ‘तू’ त्याच्या तोंडून निसटला होता. जिन्याच्या पोकळीत तो क्षणभर घुमला. तिला तो ऐकू आला, आवडलाही, म्हणूनच ती अधिक संतापली.

“मला इथे ठेवायचं म्हणून मला वाकवू नका,” ती म्हणाली. “वाकलेली मी तुम्हाला तरी कशाला हवी?” आणि मागे न पाहता ती निघून गेली.

ती आपल्या थोरल्या बहिणीकडे राहत असे. त्या संध्याकाळी ताई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालीत बसली होती. हिने सगळी हकिकत ओतली.

“जुळवून घ्यावं लागतं ग,” ताई म्हणाली. “मी नाही घेतलं?”

“घेतलंस ना. म्हणून तर तुझं चित्रं काढणं सुटलं.”

बराच वेळ ताईने उशीच्या एकाच अभ्र्याची घडी पुनःपुन्हा घातली आणि मोडली. आपण फार बोललो असे धाकटीला वाटले, तोच ताई वेगळ्याच सुरात म्हणाली, “नोकरी घालवतोय संचालक. मग तू मघापासून त्या झोपमास्तरावर का डाफरतेयस?”

धाकटीने घाईघाईने एक टॉवेल घडी घालायला ओढला.

“आलं लक्षात.” ताईने अभ्रा बाजूला टाकला. “सोमवारी तो निळा ड्रेस घाल. भांडायला जाताना माणसाने चांगलं दिसावं. आणि ऐक… माझ्यासारखं करू नकोस.”

सोमवारी सभागृहातील लांब टेबलाभोवती साऱ्या प्रयोगशाळांचे प्रमुख बसले होते. झोपमास्तर दूरच्या टोकाला, मान खाली घालून. ती उठली. तिची वाणी स्थिर होती.

“मला आज एक वाक्य बोलायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “ते मी बोलणार नाही. त्याऐवजी मी केलेलं काम दाखवते.”

आणि तिने दाखविले. लहानसे खोड, त्याला जोडलेले कप्पे, एका कप्प्यातील बदल दुसऱ्याला कसा शिवत नाही ते; आणि तरीही झोपेची नोंद नि पेशींची नोंद संगणकाला एकच प्रश्न विचारून शेजारी शेजारी कशा आणता येतात, तेही. ती बोलत असता टेबलाभोवतीच्या माना हळूहळू पुढे झुकल्या. संचालकांच्या कपाळावरील शीर मात्र तटतटली.

“छान,” ते म्हणाले. “आता मी विचारतो. इथे कुणाला माझ्या फॉर्मची अडचण आहे?”

सारी मंडळी आपापल्या चहाच्या कपात पाहू लागली. तेवढ्यात एक खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

“मला आहे,” झोपमास्तर म्हणाला. “तुमचा फॉर्म माणसाला खोटं लिहायला लावतो, साहेब. जे नाही ते विचारतो, आणि उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाही. माझी प्रयोगशाळा यापुढे त्यात एकही नोंद भरणार नाही. आमचं सगळं काम कालच मी यांच्या कप्प्यांत नेलंय.”

“असं!” संचालक कडवट हसले. “हे तुम्ही शास्त्रासाठी बोलताय, की या बाईंसाठी?”

कोणीतरी ठसकले. तिचे कान तापले. झोपमास्तराचा चेहरा प्रथम पांढरा पडला, मग लाल झाला. पण तो खाली बसला नाही.

“या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साहेब. एका रकान्यात कोंबू नका. आराखडा बरोबर आहे, म्हणून मी त्याच्या बाजूने उभा आहे; उद्या त्यांनी माझं तोंड बघितलं नाही तरी तो बरोबरच राहील. आणि माझं त्यांच्यावर प्रेम आहे… तो वेगळा कप्पा. त्याची विचारणा करण्याचा हक्क या सभेला नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

पहिल्यांदा बोलल्या त्या उंदरांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई. त्यांच्या केसांइतकाच त्यांचा आवाजही रुपेरी होता.

“माझ्या उंदरांचं शिक्षण कितवीपर्यंत झालंय, तेही विचारतो बाई तो फॉर्म,” त्या म्हणाल्या. “मीही या मुलीचे कप्पे घेणार.”

हशा पिकला. हसले नाहीत ते केवळ संचालक.

“घ्या खुशाल,” ते उठून म्हणाले. “नेमणुकीवर सही माझीच लागते, आणि ती मी करणार नाही. बाई, महिनाअखेरीस तुम्ही मोकळ्या.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “आराखडा मी सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. तो वापरायला कुणाचीच सही लागत नाही.”

ती बाहेर पडली. दार मागे लागले आणि तिला जाणवले, आपण नोकरी गमावली आहे. आणि आपल्याला खूप हलके वाटते आहे. दार पुन्हा उघडून मिटले. तिच्यामागे तो उभा होता.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी तुमच्या भल्याचं बोलत नव्हतो. माझ्या दुपारी जातील म्हणून घाबरलो होतो. परत कधी तुम्हाला वाकायला सांगणार नाही.”

“आणि मघाचं? इतक्या लोकांसमोर? मला आधी नको सांगायला?”

“जिन्यावर सांगणार होतो… तुम्ही निघून गेलात.”

“अर्ध्या वाक्यासाठी कोण थांबतं?” ती म्हणाली, आणि दोन पावले पुढे जाऊन वळली.

“मी दुसऱ्या गावी नोकरी धरली तर?” तिने एकाएकी विचारले. “माझं काम सोडून मी कुणाच्या घरात बसणार नाही.”

“मग मी गाडीचं वेळापत्रक पाठ करीन,” तो म्हणाला. “दोन्ही गावांचं.”

तिने त्याच्या मुद्रेकडे निरखून पाहिले. त्या मुद्रेत आर्जव होते, पण भीती नव्हती. व्हरांड्याच्या खिडकीच्या काचेवरच्या थेंबांची सावली त्याच्या गालावरून संथ ओघळत होती. बंद दारापलीकडे कुजबुज अकस्मात थांबल्याचे तिला कळले; अख्खी सभा कान टवकारून बसली होती! तिने ओठ घट्ट मिटले, त्याचा हात आपल्या हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने सभागृहाचे दार सताड उघडले. दाराशी झुकलेले दोन प्रमुख गडबडून मागे सरले.

“साहेब,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “मघाच्या सभेत एक नोंद राहिली. माझंही यांच्यावर आहे.”

आणि उंदरांच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी पहिली टाळी वाजविण्यापूर्वीच ती त्याला घेऊन, पायऱ्या धाडधाड उतरत, भर पावसात चालू लागली होती.