बसच्या खिडकीतला शब्द

तामलवाडीच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा दोघंच उतरले. हातात पत्र्याची पेटी आणि काखेत गुंडाळलेली गादी अशा अवतारातला तो होता भूमचा कृष्णराज. ती होती उमरग्याची शिवगंगा; नर्सिंग नुकतंच संपवलेली, खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर शिस्त. ट्रेनिंगचं सेंटर कुठं आलं, असं त्यानं तिला विचारलं. तिलाही तिथंच जायचं होतं आणि वाट तिनं आधीच विचारून ठेवली होती.

"आपण उजवीकडे वळावे. पुढे कडुलिंब आहे, तेथून डावीकडे वळावे," ती म्हणाली.

त्याला हसू आवरेना. इतकी छापील मराठी त्यानं दहावीच्या परीक्षेनंतर ऐकली नव्हती. पुस्तक गिळलंय का, म्हणून त्यानं विचारलं. ती रागावली... पण रागावतानाही शुद्धच बोलली, आणि गडी तिथंच गारद झाला. तिचा तरी काय दोष? घरी सगळे कानडी बोलणारे. मराठी तिला भेटली ती शाळेच्या पुस्तकात.

ती संस्था तीन महिने शिकवून तरुणांना दोन वर्षांच्या बिनपगारी सेवेला पाठवायची. कुणाला इथल्याच खेड्यात, कुणाला पार परदेशात. हातपंप दुरुस्त करणं, जखम बांधणं, परक्या गावात परक्यांच्या चुलीपुढं कसं बसायचं हेसुद्धा शिकवायचे. पट्टी बांधायच्या सरावात कृष्णराजचा पाय रोज मोडायचा आणि तो बांधायला त्याला नेमकी शिवगंगाच लागायची. जेवणात वाढायची पाळी तिची असली की ती त्याला कानडी शिकवायची. हवं असेल तर 'बेकु', नको असेल तर 'बेडा'. हा आपला प्रत्येक भाकरीला बेकु म्हणत राहायचा.

"बेडा म्हणायलाही शिका. पोट फुटेल," ती एकदा म्हणाली.

"तुमच्यापुढं न्हाय जमत," तो म्हणाला, आणि तिच्या हातातली आमटीची पळी ताटाऐवजी त्याच्या गुडघ्यावर रिकामी झाली.

सेंटरच्या प्रमुख सत्यभामाबाई हे सगळं बघायच्या आणि न बघितल्यासारखं करायच्या. दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, ते सगळ्यांत आधी बाईंच्याच लक्षात आलं असावं.

शेवटच्या दिवशी नेमणुका वाचून दाखवल्या. शिवगंगाला उमरगा तालुक्यातली दोन गावं मिळाली. कृष्णराजला मलावीतलं एक खेडं, आफ्रिकेतलं. त्याचं हेच स्वप्न होतं, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या तिनंच वाजवल्या आणि मग जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

जायच्या आदल्या आठवड्यात तो भूमहून चार-पाच तासांचा प्रवास करून उमरग्याला आला. स्टँडवरच्या कँटीनमध्ये दोघं दोन चहांवर तासभर बसले. तो विमानाबद्दल बोलला, लसींबद्दल बोलला, हातपंपाच्या वायसरबद्दल तर फारच बोलला. बोलायचं होतं तेवढंच राहिलं. परतीची बस लागली, तो खिडकीशी बसला, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. मग कुठं त्याला धीर झाला.

"शिवगंगा... दोन वर्षं थांबशील का माझ्यासाठी?"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ही काय विचारायची गोष्ट होती? ती हसली आणि म्हणाली, "वेडा!"

बस हलली. त्यानं मान हलवली, हात वर केला आणि तोंड फिरवलं. त्यालाही भरून आलं असणार, असं समजून ती घरी गेली. त्या दिवशी शिवगंगाइतकं सुखी माणूस उमरग्यात नव्हतं.

पुढं ट्रेनिंगच्या ग्रुपवर 'पोचलो' असा त्याचा मेसेज आला, फोटो आले. तिला वेगळी म्हणून एक ओळ आली नाही. ती लिहायची आणि पुसायची. आधी त्यानं लिहायला हवं, हा तिचा हट्ट. सहा महिने गेले, आठ गेले. दोन वर्षं थांब म्हणणाऱ्याला दोन ओळी लिहवत नाहीत, तर आपण कुणासाठी थांबलोय, असं तिला वाटायला लागलं. अकराव्या महिन्यात बसवराजचं स्थळ आलं. शाळेत शिक्षक, सरळ माणूस. मनात दुसरं कुणी नाही ना, असं त्यानं तिला एकटीला गाठून विचारलं. नाही, असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बळजबरी कुणाचीच नव्हती.

हळदीच्या दिवशी दुपारी कृष्णराजचा फोन आला. सत्यभामाबाईंकडून कळलं म्हणाला, अभिनंदन म्हणाला.

"फोन केला न्हाय म्हणून रागावू नगंस. तू बेडा म्हणलीस... मग कुठल्या तोंडानं करणार होतो?"

ती भिंतीला टेकली. भूमकडं लहानथोर सगळे 'येडा' म्हणतात. 'वेडा' म्हणणारी त्याच्या आयुष्यात ती एकटीच. इंजिनच्या घरघरीत त्यानं तिच्या भाषेतला शब्द ऐकला होता, आणि ती तर त्याच्या भाषेत बोलली होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू खरंच बेडाच म्हणलीस न्हवं? कधी कधी वाटतं... माझाच कान चुकला."

खरं सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण सांगून काय करायचं? अंगाला हळद लागली होती आणि बसवराजला तिनं शब्द दिला होता. नकार मिळाला म्हणून माणूस रडतो आणि पुढं चालायला लागतो. आपल्याच कानानं आपला घात केला, हे कळलं तर हा पोरगा तिकडं परमुलखात काय करील?

"व्हय," ती म्हणाली. "बेडाच म्हणलं हुतं म्या."

ती पहिल्यांदाच त्याच्या गावच्या बोलीत बोलली. आज तो हसला नाही. बरं झालं विचारलं, म्हणाला. तिथली माणसं आणखी दोन वर्षं राहा म्हणतायत, आता होकार कळवून टाकतो. सुखी राहा, म्हणाला. फोन बंद झाला.

हळदीची वाटी घेऊन मावशी दाराशी आली होती. कुणाचा गं फोन, तिनं विचारलं.

"ट्रेनिंगमधले एक जण होते," शिवगंगा म्हणाली.

हात हळदीनं माखलेले, त्यामुळं तिला डोळे पुसता येईनात. मावशीनंच ते पदरानं पुसले आणि नवरीला रडू यायचंच, असं सगळ्यांना कौतुकानं सांगितलं.