गोड्याचं तोंड

दुपार टळत आली होती आणि कामही तसं रोजचंच. संग्रहालयात जुन्या नामचीन खुन्यांचे मुखवटे मांडलेले असतात ना, फाशीनंतर चेहऱ्यावरून घेतलेले, त्यातला एक फुटला होता. जुन्या साच्यातून नवा काढून द्यायचा, बस्स. मुखवटेवालीने साचा उघडून पाहिला मात्र, तिचे हात थांबले. गोड्या होता तो.

गोड्या म्हणजे साखरेत घोळलेली जीभ. गोड बोलून बायकांना घराबाहेर काढायचा आणि गळा दाबायचा. मुखवटेवालीची आत्या त्याची शेवटची. बाकी सगळ्या सापडल्या, आत्या नाही. "शोधा की," एवढंच बोलून तो मेला ओठ मिटून फासावर चढला. तेव्हापासून तिचे बाबा दाराला आतून कडी घालत नव्हते. बहीण आलीच तर दाराशी खोळंबायला नको म्हणून. आता बाबा पार थकले होते.

तिने रागारागाने प्लास्टर कालवलं आणि ओतलं. त्या रागात चूक झाली. प्लास्टर चिकटू नये म्हणून साच्याला आतून साबण फासतात. ओठांपाशी ती विसरली. साचा काढताना ओठ त्यातच अडकून राहिले आणि मुखवट्याच्या तोंडाला भोक पडलं.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, त्याचं नवल नाही. नवल होतं वासाचं. ओल्या मातीचा, कुबट. त्या भोकातून थांबून थांबून येत होता.

"बरं वाटलं ग पोरी... कधीचा गप्प होतो..."

तिला पळून जावंसं वाटलं. पण बाबांचं ते बिनकडीचं दार आठवलं आणि तिचं डोकंच फिरलं. वाडग्यात उरलेलं प्लास्टर बोटावर घेऊन तिने भोकाशी नेलं.

"माझी आत्या कुठंय?"

"आधी ते खाली ठेव, बाळ..."

"घट्ट व्हायला लागलंय हे. सांग, नाहीतर कायमचं बुजवते."

तिने बोट भोकाच्या कडेला टेकवलं. मग आवाज आला, त्यात गोडवा उरला नव्हता. "वीटभट्टीमागं... पडक्या ओट्याखाली..."

दुसऱ्या दिवशी ओटा खणला. आत्या तिथेच होती. बुटाचं पितळी बक्कल बाबांनी लगेच ओळखलं, त्यांनीच ते बहिणीच्या बुटाला शिवून दिलं होतं. म्हातारा पोटभर रडला. आत्याला घरी आणून, शेवटचा निरोप देऊन झाल्यावर त्यांनी स्वतः उठून दाराला कडी घातली आणि त्या रात्री गाढ झोपले. लेकीचा ऊर भरून आला. फासाला जे जमलं नाही ते तिने बोटभर प्लास्टरवर करून दाखवलं होतं.

मग ती आपल्या कारखान्यात, मुखवट्यापाशी गेली.

"अग, मी सांगितलं ना..."

"सांगितलंस. आता पुरे," म्हणत तिने भोक गच्च भरलं, घासून गुळगुळीत केलं आणि शीळ घालत मुखवटा पोचवून आली.

परवा संग्रहालयाचा पहारेकरी भेटला. "ताई, गोड्याच्या काचेआड, तोंडाखाली रोज सकाळी पांढरी भुकटी पडलेली असते. झाडतो मी. पण ती ओली कशी हो?"

"उद्या वाडगं घेऊन येते," ती म्हणाली.